टॅक्सची पावती म्हणजे ओसी नाही

आपल्याकडं लातूरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, "घरपट्टी लागली, लाईटचं मीटर आलं की फ्लॅट कायदेशीर झाला, ओसी बिसी बिल्डरचं काम, आणि दोन वर्षं झाली की तक्रार पण करता येत नाही." ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत मंजूर नकाशाप्रमाणं बांधलीय, राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला. मेसेज टाकणाऱ्यांनी वाईट हेतूनं नसंल टाकला पण लोक फसायलेत हो याच्यानं.

आधी घरपट्टीचं. बेकायदा बांधकामालाही टॅक्स लागतो, उलट महापालिका कायद्याच्या कलम 267 अ मधे त्याच्यावर वेगळी शास्ती म्हणजे दंड आहे, अन् ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही असं तिथंच लिहिलंय. मग पावती दाखवून काय सिद्ध होणार?

मीटरचं पण तसंच. डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानी सांगितलंय की लाईट, पाणी, ड्रेनेजचं कनेक्शन भोगवटा दाखला बघूनच द्यायचं, बँकांनी पण तो बघूनच कर्ज द्यायचं.

माझ्या बहिणीनं दसऱ्याला गृहप्रवेश केला, चावी हातात आली म्हणून सगळे खुश. मागच्या वर्षी फ्लॅट विकायला काढला तर घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलानं फाईल उघडली, बांधकाम परवाना होता, मंजूर नकाशा होता, भोगवट्याच्या जागी काहीच नाही, आणि फाईल तिथंच बंद करून परत दिली. बिल्डरनी पार्किंगमधे दोन गाळे काढलेले, नकाशात नसलेले, ते आहेत तोवर दाखला निघणार कसा? बहीण त्या दिवशी जेवली नाही.

"बिल्डरचं काम" हे मात्र खरंय, रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, त्याच्यात कलम 11 मधे स्पष्ट आहे. पण 1963 च्या मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यात दाखल्याशिवाय ताबा देऊ नका असं बिल्डरला सांगितलंय तसं घेऊ नका असं आपल्याला पण सांगितलंय, हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता सगळ्यात घातक म्हणजे ते दोन वर्षांचं. मुंबईच्या समृद्धी सोसायटीच्या लोकांना 1997 ला ताबा मिळाला, ओसी नाही, त्याच्यामुळं घरपट्टी 25 टक्के अन् पाणीपट्टी 50 टक्के जास्त भरत होते. ग्राहक आयोगानी मुदत गेली म्हणून तक्रार फेटाळली, पण जानेवारी 2022 मधे सुप्रीम कोर्टानी तो निकाल रद्द केला, म्हणाले ओसी मिळेपर्यंत चूक रोज चालूच आहे, ही सेवेतली त्रुटीच आहे. म्हणजे उशीर झाला म्हणून गप बसलेल्यांनी परत उठायला हरकत नाही.

बहिणीच्या बिल्डिंगमधले बाराजण एकत्र तक्रार करायलेत. रविवारी सगळ्यांचे करारनामे अन् पैसे भरल्याच्या पावत्या गोळा करायला मी जाणार आहे.