नव्या ठाण्याची सुनावणी कुठे?

ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवं स्टेशन होणार, हे मी ठाण्यात राहत होते तेव्हापासून ऐकतेय. आता नोकरी, संसार सगळं इंग्लंडात, केंब्रिजला. तरी फोनवर दादा तोच विषय काढतो. तो कासारवडवलीहून निघतो, घोडबंदर रोडच्या कोंडीतून सॅटिसवर, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या बसच्या उड्डाणपुलावर, उतरतो आणि मग स्टेशनच्या पादचारी पुलावरच्या गर्दीत शिरतो. गेल्या दिवाळीत आईला घेऊन मीही त्या पुलावरून गेले. संध्याकाळचे सात वाजले होते. आईचे गुडघे दुखतात. ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती आणि मागून "मावशी, चला ना पुढे" चालू होतं. खाली पोचल्यावरही तिची मूठ वळलेलीच होती. त्यामुळे नवं स्टेशन हवं की नको, हा माझ्यासाठी प्रश्नच नाही. वागळे इस्टेट आणि घोडबंदरची थोडी जरी माणसं तिकडे वळली, तरी ठाणे स्टेशन श्वास घेईल.

प्रश्न जागेचा आहे. ती जागा ठाण्याच्या मनोरुग्णालयाची. १९०१ पासून चालत आलेलं हे रुग्णालय, त्याची १४.८३ एकर जमीन स्टेशनला द्यायची ठरली. तिच्या हस्तांतरणावर २०१५ पासून न्यायालयाची मनाई होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये उठवली. आता बोललं जातं ते काम कधी संपणार आणि श्रेय कुणाचं यावर. रुग्ण, त्यांचे नातेवाईक, तिथल्या परिचारिका यांचं काय म्हणणं आहे, हे मला कुठे दिसत नाही.

योगायोग असा, की मी काम करते तिथेही रुग्णालयाशेजारीच स्टेशनचा वाद झाला. अ‍ॅडनब्रूक्स रुग्णालयाजवळचं केंब्रिज साउथ. २०२० च्या सुरुवातीला रेल्वेने तीन जागा लोकांपुढे ठेवल्या आणि मतं मागवली. २०२२ मध्ये जाहीर सुनावणी झाली. हॉब्सन्स पार्कचा तुकडा जाणार म्हणून रहिवासी बोलले. गाड्यांच्या कंपनांनी नाजूक उपकरणं बिघडतील, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. पार्कची जी जमीन जाईल, तिच्या बदल्यात दुसरी द्यायचं ठरलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजुरी आली. नकाशे, हरकती, त्यांवरची उत्तरं सगळं वाचायला खुलं होतं. मी कित्येक रात्री ते कागद वाचत बसले, कारण वाचताना मला आमचं मनोरुग्णालय आठवत होतं.

दादाला हे सांगितलं तर तो चिडला. "अगं, तुमच्याकडे दारात लटकून कोण जातं? ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर माणसं गाडीतून पडली, जिवानिशी गेली. आम्ही सुनावण्या करत बसायचं?" त्याचं म्हणणं खोटं नाही. केंब्रिजमध्ये उशीर झाला, तर कुणाला तरी बसने जावं लागतं. आमच्याकडे उशिराची किंमत माणसं जिवाने मोजतात. तिथली सावकाशी जशीच्या तशी उचलून ठाण्यात आणा, असं मी म्हणणार नाही.

पण आपला वेळ सुनावणीत जातो कुठे? ऐरोली आणि ठाण्याच्या मधलं दिघा गाव स्टेशन बांधून तयार होतं, तरी उद्घाटनाची वाट पाहत महिनोन्‌महिने बंद होतं. १२ जानेवारी २०२४ ला एकदाचं उघडलं. नव्या ठाण्याच्या जमिनीची आठ वर्षं मनाईत गेली. लोकांना आधी विचारलं असतं, तर कोर्टापर्यंत जायची वेळ आली असती का, असं मला सारखं वाटतं. तीन महिने पुरेत. मनोरुग्णालयाच्या आवारातच मांडव घाला, मराठीत नकाशा लावा, आणि परिचारिका, नातेवाईक, रिक्षावाले, तिथल्या झोपड्यांत राहणारे यांना बोलू द्या. झाडं किती जाणार, बस कुठे थांबणार, सरकता जिना कुठल्या बाजूला, हे तिथेच सांगा. सुनावणी चालू असताना रेल्वेच्या स्वतःच्या हद्दीतलं काम थांबवायचंही कारण नाही.

मागच्या रविवारी मी दादाला विचारलं, रुग्णालयाच्या फाटकापासून नवा फलाट किती लांब पडेल रे? बाहेरगावाहून रुग्णाला घेऊन येणाऱ्या बाईला किती चालावं लागेल?

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माहीत नाही गं. आणि हे विचारायचं कुणाला, तेही माहीत नाही."