‘इमिटिनेफ मर्सिलेट’साठी चेन्नईचं तिकीट काढू नका

मावशीचा फोन आला तो चेन्नईच्या गाड्यांची चौकशी करायला. तिच्या लहानग्या नातवाला एएलएल, म्हणजे झपाट्याने वाढणारा एक ब्लड कॅन्सर आहे. केमो चालू आहे, रक्तपेशींचे काउंट आत्ता कुठे सुधारतायत. तेवढ्यात कुणा हितचिंतकाने तिला तो मेसेज पाठवला: ‘इमिटिनेफ मर्सिलेट हे औषध सर्व प्रकारचा ब्लड कॅन्सर कुठल्याही स्टेजला बरा करतं. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मोफत मिळतं. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.’ ई-मेलच्या जमान्यापासून हे फिरतंय आणि अजून मरत नाही.

या नावाचं औषध नाही. आहे ते इमॅटिनिब मेसिलेट. ते चेन्नईलाच मिळतं हेही खोटं, त्या संस्थेला स्वतःच खुलासा करावा लागला होता. जेनेरिक इमॅटिनिब आपल्याकडे कितीतरी वर्षं मिळतंय. नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिव्हेकच्या (इमॅटिनिबचं ब्रँड नाव) पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, ती बातमी अनेकांना आठवत असेल. पुढे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही हे औषध अत्यावश्यक यादीत घेतलं. लपवाछपवी कसली आलीय यात?

आता खरा घातक शब्द: ‘सर्व प्रकारचा’.

इमॅटिनिब ज्यांच्या चिकाटीने रुग्णांपर्यंत पोहोचलं ते डॉ. ब्रायन ड्रुकर. १९९३ साली ते बोस्टन सोडून ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला गेले, ते सीएमएल हा एकच आजार, हळूहळू वाढणारा एक ब्लड कॅन्सर, डोक्यात घेऊन. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. अडकलेल्या हॉर्नसारखं ते थांबतच नाही, पेशींना ‘वाढा, वाढा’ सांगत राहतं. संशोधक निक लायडन यांच्या गटाने औषध कंपनीत तयार केलेल्या संयुगांतलं एक त्याला बरोबर गप्प करतं, हे ड्रुकर यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. तेच इमॅटिनिब. जून १९९८मध्ये ते पहिल्यांदा रुग्णांना दिलं गेलं.

त्याचे निकाल एप्रिल २००१च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आहेत. इंटरफेरॉन या आधीच्या औषधाने गुण न आलेल्या, सीएमएलच्या क्रॉनिक (सुरुवातीच्या, संथ) टप्प्यातल्या ५४ जणांना रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस दिला, त्यातल्या ५३ जणांचे काउंट पूर्ण ताळ्यावर आले. मान्य करतो, ‘रामबाण’ म्हणावं असंच हे आहे. मेसेजमधला खरा अंश एवढाच.

पण त्याच अंकात ड्रुकर यांचाच दुसरा लेख आहे, तो कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात हेच औषध सीएमएल बिघडून लिम्फॉइड ब्लास्ट क्रायसिस या शेवटच्या, एएलएलसारख्या टप्प्यात गेलेल्यांना आणि हेच बिघडलेलं गुणसूत्र असलेल्या एएलएलच्या रुग्णांना दिलं होतं. २० पैकी १४ जणांना गुण आला. लेख छापून येईपर्यंत एक जण सोडून सगळ्यांचा आजार उलटला होता. म्हणजे ज्यांच्यात औषधाचं लक्ष्य हजर होतं, त्यांनाही नुसत्या गोळीने तारलं नाही. मुलांच्या एएलएलमध्ये तर बहुतेकांना हे गुणसूत्र नसतंच. त्यांना ही गोळी म्हणजे रिकामं औषध, वर उलट्या आणि सूज. ज्या थोड्यांना ते असतं, त्यांना इमॅटिनिब किंवा त्याच गटातली गोळी केमोच्या जोडीने देतात, केमो बंद करून नाही.

आणि केमो बंद होणं हीच तर भीती. काउंट सुधारले, पोरगं खेळायला लागलं, की घरच्यांना वाटतं झालं आता. एएलएलचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात ते उगाच नाही. रक्तात दिसेनाशा झालेल्या कॅन्सरच्या पेशी हाडांतल्या मज्जेत दडून असतात. मधेच औषधं सोडून गाडीत बसलात, तर परतलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो.

‘कुठल्याही स्टेजला’ यावर वेगळं काय बोलायचं, वरचाच लेख पुरे.

मावशीला मी एवढंच सांगितलं: नातवाच्या फाइलीत बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट शोध. सापडला नाही तर डॉक्टरांनाच विचार, ही तपासणी झालीय का. पॉझिटिव्ह असेल तर गोळी तेच लिहून देतील, आणि निगेटिव्ह असेल तर चेन्नईचे डॉक्टरही देणार नाहीत.