सुई लावल्याने गाठ पसरते हा मेसेज चुकीचा आहे

मंडळी, आपल्या इंदूरच्या ग्रुपांवर कालपासून जो मेसेज फिरतोय ना, की गाठ दुखत नसेल तर हातच लावू नका, सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो, तो खरा नाहीये.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बनवते, रोजचं काम आहे माझं. बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढतात, काचेवर पसरवून रंग देतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, चरबीची साधी गाठ आहे की कॅन्सर हे असंच तपासतात. सुईच्या वाटेने पेशी पसरणं फार क्वचित होतं, आणि वृषणाच्या गाठीसारखा धोका असेल तिथे डॉक्टर सहसा सुई लावतच नाहीत.

न दुखणं म्हणजे खात्री नाही हो, स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. माझ्या मावशीने याच भीतीने आठ महिने काढले, वाटाण्याएवढी गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा दाखवली.

आणि मेसेजच्या शेवटी "तंबाखू नको, नुसती सुपारी चालते" लिहिलंय तेही चूक, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2004 मध्येच सुपारीला कॅन्सर करणारी म्हटलंय.

प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा.