फॅट मशीनचं तोंड कुणाकडं?

पुण्यातल्या एका मित्राचा परवा फोन आला होता. म्हणाला, आम्ही पिशवीला पन्नाशीच्या वर मोजतो, तरी तुमचा शेतकरी दुधात काही राहत नाही म्हणतो, मधले पैसे जातात कुठं? फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं म्हणून इथं लिहितोय. फलटण तालुक्यातल्या आमच्या गावात मी सहा वर्षं दूध संकलन केंद्र चालवतोय, म्हणजे शेतकऱ्याची किटली आणि डेअरीचा टँकर या दोघांच्या मधे जो माणूस बसतो ना, तो मी.

पहाटे साडेपाचला शटर वर जातं. आधी फॅट मशीनमधनं कोमट पाणी फिरवायचं, काटा शून्यावर आलाय का बघायचं, तोवर बाहेर मोटारसायकलींचे हँडल किटल्यांनी भरलेले. दूध काढल्यावर 35-37 डिग्री गरम असतं आणि तसंच ठेवलं तर चार-पाच तासात त्याचा भरवसा नाही, त्यामुळं सात-साडेसातच्या आत सगळं मोजून बल्क कूलरला गेलं पाहिजे, तिथं ते 4 डिग्रीवर येतं. मधेच लाईट गेली की जनरेटर, आणि डिझेल आपलं.

आता मशीन. चमचाभर दूध नळीनं ओढतं, मिनिटाच्या आत फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), डिग्री (तापमानाची नव्हे, दुधाच्या दाटपणाची), पाणी मारलंय का, सगळं दाखवतं. पूर्वी हेच काम काचेच्या नळ्यांवर चालायचं, 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यात 10.75 मिली दूध, 1 मिली अमाईल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूजमधे फिरवून फॅट वाचायचं. वेळ जायचा, हात भाजायचे, पण नळी उजेडात धरली की रेष शेतकऱ्यालाही दिसायची! आताच्या मशीनची स्क्रीन बहुतेक ठिकाणी ऑपरेटरच्या तोंडाकडं असते आणि शेतकऱ्याच्या हातात फक्त चिठ्ठी पडते. माझं सगळं म्हणणं ह्याच एका गोष्टीवर आहे.

कारण पैसे तिथं ठरतात. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरलेला असतो. त्याच्याखाली प्रत्येक 0.1 म्हणजे एक पॉइंट, आणि पॉइंटमागे कापणी. आमच्याकडं ती आधी 30 पैसे होती, पुढं वाढत वाढत रुपयापर्यंत गेलेली मी स्वतः चिठ्ठ्यांवर छापलीय. म्हणजे 3.2 आणि 8.3 लागलं तर पाच पॉइंट, लिटरला पाच रुपये गेले, आणि दहा लिटर घालणाऱ्याचे रोजचे पन्नास. 3.5 च्या वर गेलं की मात्र वाढ त्या मानानं किरकोळ. खाली जाताना रुपया आणि वर येताना पैसे, हा कुठला हिशोब?

आणि फॅट काय माणसाच्या हातात असतं होय? उन्हाळ्यात फॅट-एसएनएफ दोन्ही उतरतं, पावसाळ्यात नुसता कोवळा हिरवा चारा पडला की फॅट ढासळतं. पहिली धार पातळ आणि शेवटची दाट असते, हे कुठल्याही गवळ्याला विचारा. आमच्या आळीतल्या एक काकू शेवटचं दूध वासराला सोडायच्या, त्यांना कायम 3.1-3.2 लागायचं आणि त्या दर वेळी गप चिठ्ठी घेऊन जायच्या, वाटायचं गाईतच खोट आहे. किटलीत दूध न ढवळता वरवरचं सॅम्पल घेतलं तर आकडा वेगळा, तळाचं घेतलं तर वेगळा, फेस असेल तर मशीन भलतंच काहीतरी दाखवतं. हे सगळं ऑपरेटरला माहीत असतं, समोरच्याला नसतं.

ज्याला कापून दर दिला त्या 3.2 फॅटच्या दुधाचं पुढं काय होतं तेही शहरातल्या लोकांनी बघावं. टोन्ड, म्हणजे फॅट कमी केलेल्या दुधाच्या पिशवीवर वाचा, फॅट 3.0, एसएनएफ 8.5. काढलेल्या फॅटची साय, लोणी, तूप होतं, ते वेगळं विकलं जातं. त्यात बेकायदा काही नाही, प्रक्रियेला, पॅकिंगला, वाहतुकीला खर्च येतो हे मला मान्य. पण 3.2 चं दूध म्हणजे खराब दूध, हे जे शेतकऱ्याच्या मनात भरवून ठेवलंय ते मला मान्य नाही.

काट्याचं पण सांगतो. कित्येक काटे 100 ग्रॅमचे असतात, म्हणजे 4.190 भरलं तरी 4.100 दिसणार, मधलं गेलं. दोन्ही वेळेला असंच गेलं तर दिवसाला 180 ग्रॅम, महिन्याला पाच किलोच्या वर. शिवाय वजन किलोत आणि दर लिटरवर, 10 किलोचे साधारण 9.7 लिटर होतात, हा भागाकार कोण समजावून सांगतं? आणि सॅम्पलचं दूध, माणशी पाऊण-एक कप, ते परत किटलीत न जाता बाजूच्या बादलीत जातं आणि शेवटी ती बादली केंद्राच्या नावावर मापली जाते. सुरुवातीची वर्षं मीही हेच केलं, कारण मला शिकवणाऱ्यानं असंच शिकवलं होतं. ते चूक होतं.

पण केंद्रवाला एकटाच चोर आहे असं म्हणून विषय संपवू नका. माझ्याकडनं टँकर जातो तेव्हा चिलिंग सेंटरला, म्हणजे डेअरीच्या दूध थंड करायच्या केंद्राला, परत टेस्ट होते, तिथं मी नसतो. मी शेतकऱ्यांना सरासरी 3.6 चे पैसे देऊन बसलेलो आणि तिकडनं 3.4 ची पावती येते, ती घट माझ्या कमिशनमधनं जाते. मग बरेच जण काय करतात, इथंच प्रत्येकाला एक पॉइंट कमी दाखवतात, म्हणजे तिकडची तूट इकडं भरून निघते. वरच्यानं दाबलं की मधला खालच्याला दाबतो आणि खालचा कुणाला दाबणार, गाईला? 2024 च्या सुरुवातीला सरकारनं लिटरला 5 रुपये अनुदान दिलं तेव्हाही तेच, जनावराच्या कानातला टॅग, आधारला जोडलेलं बँक खातं, एक आकडा चुकला की पैसे अडकले आणि शिव्या खायला काउंटरवर आम्ही.

दोन वर्षांपूर्वी मी स्क्रीन फिरवून शेतकऱ्यांकडं केली. काटा 10 ग्रॅमचा घेतला, सॅम्पल ज्याचं त्याच्या किटलीत परत. पहिला आठवडा रांग लांबली, जो तो थांबून आकडा वाचायचा, परत लाव म्हणायचा, मी परत लावायचो. त्या काकूंनी एकदा पहिल्या धारेचं आणि शेवटच्या धारेचं दूध वेगवेगळ्या तांब्यात आणलं आणि दोन्ही लावायला सांगितलं, आकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे गाय चांगली हाय माझी." आता वासराला त्या आधी पाजतात.

माझं कमिशन कमी झालं हे खरं. दूध मात्र वाढलं, शेजारच्या वाडीतले लोक पण इकडं घालायला लागले. टँकरचं सॅम्पल घेताना मला किंवा माझ्या माणसाला समोर उभं राहू द्या, असा अर्ज डेअरीला तीनदा दिलाय, पोच माझ्याकडं आहे, उत्तर अजून आलेलं नाही. चौथा उद्या देणार आहे आणि ह्या वेळी अर्जाखाली दूध घालणाऱ्या सगळ्यांच्या सह्या असतील.