सीलच्या कातड्याचं स्पॉरन आम्ही का दिलं नाही

नमस्कार,

तुमचा दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू वाचला. मुलाच्या एडिनबरातल्या लग्नासाठी तुम्हाला किल्टवर (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा) सील या समुद्री प्राण्याच्या कातड्याचं स्पॉरन, म्हणजे कमरेला पुढे लटकवायची पिशवी, हवं होतं. काचेच्या कपाटात एक दिसत असूनही आम्ही दिलं नाही, "कुठे नेणार, कोण वापरणार" असं विचारून वेळ घालवला, आणि शेवटी गाईचं नाहीतर सशाचं कातडं पुढे केलं, अशी तुमची तक्रार आहे. मग तुम्ही "अस्सल सील" ऑनलाइन निम्म्या किमतीत मागवलंत. परदेशात आपल्याच माणसाने अडवणूक केली, हे तुमचं वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

कपाटातलं ते स्पॉरन विकायचं नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या आजोबांचं आहे, वरच्या धातूच्या पट्टीची बिजागरी बदलायला आलंय. नवीन सील मात्र आम्ही ठेवतच नाही. सीलच्या वस्तू विकण्यावर युरोपीय संघाने २००९ साली कायदा केला, तो २०१० पासून लागू झाला, आणि ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावरही ती बंदी इथे कायम आहे. इन्यूट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आदिवासी लोकांनी पारंपरिक पद्धतीने केलेल्या शिकारीतलं कातडं तेवढं प्रमाणपत्रासह चालतं. तसा कागद हातात नसेल तर मी माल घेत नाही, मग गिऱ्हाईक कोणीही असो.

कुठे नेणार हे विचारलं, कारण लग्नानंतर मुलीकडे न्यू जर्सीत रिसेप्शन आहे असं तुम्हीच बोलता बोलता म्हणालात. अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा १९७२ चा कायदा आहे. सीलची वस्तू बॅगेत घेऊन तिथे उतरता येत नाही, सापडली तर जप्त होते. रिसेप्शनच्या आदल्या दिवशी नवरदेवाचं स्पॉरन विमानतळावर अडकू नये, एवढ्यासाठी तो प्रश्न होता. भारतात परत न्यायचं असतं तरी विचारलं असतं. फरच्या वस्तूंवर तिथेही निर्बंध आहेत: कोल्हा, मिंक आणि चिंचिला (हे दोन फरसाठी पाळले जाणारे छोटे प्राणी) यांच्या कातड्यांच्या आयातीवर भारताने २०१७ मध्ये बंदी घातली आहे.

"सील नसेल तर ते खरं स्पॉरन नव्हेच" असंही तुम्ही लिहिलंय. हे मला मान्य नाही. किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे पिशवी लटकवायची, ही मूळ गरज. सतराव्या-अठराव्या शतकातल्या हायलँडमधल्या (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या) पिशव्या हरणाच्या किंवा वासराच्या साध्या चामड्याच्या, नाडीने आवळायच्या असत. लांब केसांची, गुडघ्याकडे लोंबणारी स्पॉरनं सैन्याने आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या हौशीने लोकप्रिय केली, आणि त्यांत बकरीचे केस मुबलक वापरले गेले. सील छान दिसतं हे खरंच. केस आखूड, ताठ, अंगाला चिकटून बसणारे, पावसाचं पाणी घसरून जातं. स्कॉटलंडच्या हवेत हा मोठा गुण आहे. पण परंपरा त्या एका प्राण्यावर टिकलेली नाही.

प्राण्याचं तोंड असलेलं स्पॉरनही तुम्ही दाखवायला सांगितलंत. आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या पलटणीचे अधिकारी आणि सार्जंट बॅजरच्या (तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, बिळात राहणारा प्राणी) तोंडाचं लावत, त्यामुळे फोटोंत ते खूप दिसतं. बॅजरला इथे १९९२ च्या कायद्याचं संरक्षण आहे. प्राणी कायदा मोडून मारलेला नाही हे दाखवता आलं नाही, तर नुसतं बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. लग्नघरात ही जोखीम कशाला?

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे मी तुमच्या काळजीने लिहितेय. होमासमोर गाईचं कातडं नको, असं तुम्ही दुकानात स्पष्ट सांगितलंत. मला ते पूर्ण पटतं. म्हणूनच तुम्ही मागवलेलं स्पॉरन नीट तपासा. बाजारात "सील" म्हणून मिळणारा स्वस्त माल पुष्कळदा गाईचंच आखूड केसांचं कातडं असतो, वर ठिपके छापलेले. केस बोटांनी बाजूला करून मुळाशी पाहा. ठिपक्याचा रंग टोकांवरच असेल आणि मुळाशी केस एकसारखे दिसत असतील, तर ती छपाई. मुळाशी कातड्याऐवजी कापडाची वीण दिसली तर ते कृत्रिम. आणि खरोखरच सील निघालं, तर अमेरिकेला नेऊ नका.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुढची फर सशाची असली तरी मागची बाजू, आतली घडी आणि कमरेचा पट्टा बहुतेक वेळा गाईच्याच चामड्याचे असतात. तुम्हाला ससा दाखवताना मी मागचं चामडं बकरीचं आणि पट्ट्याच्या जागी साखळी असलेला नग मुद्दाम काढला होता. तो कमी प्रतीचा नव्हता. ससा मांसासाठी वाढवलेला असतो, निव्वळ फरसाठी प्राणी पाळायला स्कॉटलंडमध्ये २००२ च्या कायद्याने मनाई आहे. सशाचे केस फार मऊ असतात, ते गळतात आणि सतत घासून विरळ होतात, म्हणून रोज वापरणाऱ्याला मी ससा देत नाही. दोन समारंभांपुरता तो उत्तम.

घोड्याच्या शेपटीच्या केसांचं स्पॉरन मी तुम्हाला सुचवलं नाही, त्यालाही कारण आहे. ते बॅगपाइप वाजवणाऱ्यांना आणि पलटणीला शोभतं. नवरदेवाने लावलं तर किल्टचा पुढचा भाग झाकला जातो, आणि तुमच्या घराने एवढ्या हौशीने निवडलेला टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडाचा चौकडीचा नमुना, फोटोत दिसणारच नाही. कुठल्याच प्राण्याचं कातडं नको असेल तर हॅरिस ट्वीड या जाड लोकरी कापडाचं स्पॉरन मिळतं, फक्त त्याचा मागचा भाग कापडी करून घ्यावा लागतो. तो आम्ही करून देतो. माझं मत विचाराल तर तुमच्या मुलाच्या गडद निळ्या टार्टनवर तेच सर्वांत उठून दिसेल.

मागवलेलं स्पॉरन आलं की दुकानात घेऊन या. कशाचं आहे ते पाहून सांगेन, त्याचे पैसे नाहीत. ते गाईचं निघालं आणि विकणाऱ्याने परत घेतलं, तर बकरीचं चामडं असलेला तो नग तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. मुलाला सोबत आणा. स्पॉरन बकलाच्या खाली चार बोटांवर यायला हवं, आणि साखळीचं माप त्याच्याच कमरेवर घ्यावं लागेल.