पाण्याच्या मॉडेलमधला माणूस 2005 सालातच अडकलाय

जगात 2050 किंवा 2080 ला पाणी कुठे किती असेल त्याचे रंगीत नकाशे अधूनमधून फिरतात, लाल म्हणजे टंचाई, निळं म्हणजे भरपूर, आणि मग त्याखाली सगळे हवामान बदल खरा की खोटा यावर तावातावाने भांडतात. माझं म्हणणं आहे की या नकाशाला पहिला प्रश्न हवामानाचा विचारायचाच नाही. आधी विचारायचं, यात माणूस पाणी किती उपसणार असं धरलंय?

हे नकाशे संगणकावर चालणाऱ्या मॉडेलमधून बनतात, कसे ते थोडक्यात सांगतो. सगळी जमीन चौकोनांत वाटतात, बऱ्याच मॉडेलमध्ये एक चौकोन अर्ध्या अंशाचा, म्हणजे विषुववृत्तावर साधारण 55 किलोमीटर बाजूचा. प्रत्येक चौकोनात रोज किती पाऊस पडला, किती वाफ झाली, मातीत किती मुरलं, किती वाहून शेजारच्या चौकोनात गेलं याचा हिशोब चालतो. जर्मनीतलं वॉटरगॅप, नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचं पीसीआर-ग्लोबडब्ल्यूबी, जपानचं एच08 ही त्यातली मोठी नावं. आयसिमिप नावाच्या प्रकल्पात अशी अनेक मॉडेल्स एकाच हवामान डेटावर चालवून शेजारी शेजारी ठेवतात आणि हे काम खरंच मोलाचं आहे, मी त्या शास्त्रज्ञांच्या विरोधात अजिबात लिहीत नाहीये.

पण गंमत बघा, नाही, गंमत नाही, काळजीची गोष्ट आहे. आयसिमिपमध्ये भविष्यासाठी मॉडेल चालवतात तेव्हा कितीतरी वेळा माणसाचा पाणीवापर, धरणं, सिंचनाखालची जमीन हे सगळं 2005 च्या पातळीवर गोठवलेलं असतं (नव्या फेरीत 2015). त्याला कारणही रास्त आहे, फक्त हवामानाचा परिणाम वेगळा काढून बघायचा असतो. प्रयोग म्हणून एकदम बरोबर. पण तोच आकडा बातमीत येतो तेव्हा ही अट गळून पडते आणि "2080 ला इतकं पाणी असेल" एवढंच उरतं. म्हणजे पाऊस 2080 चा आणि शेतकरी, शहरं, कारखाने 2005 चे!

जगातल्या सगळ्या नद्या मिळून वर्षाला साधारण 40,000 घन किलोमीटर पाणी समुद्राकडे नेतात (एक घन किलोमीटर म्हणजे सुमारे 35 टीएमसी) आणि माणूस उपसतो साधारण 4,000. दहा टक्केच की, असं वाटेल. पण एकट्या ॲमेझॉनमधूनच त्या पाण्याचा पाचवा-सहावा हिस्सा वाहतो, जिथे शेतीला पाणी मागणारं फारसं कुणी नाही, आणि बाकीचं बरंचसं पुराच्या दिवसांत धावत निघून जातं. जिथे खरंच शेती आहे तिथे हिशोब एकदम घट्ट बसतो. मध्य आशियातला अरल समुद्र आटला तो मुख्यतः हवामानामुळे नाही, 1960 नंतर त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं म्हणून. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणी 1922 मध्ये तिथल्या राज्यांनी वाटून घेतलं ते नेमकं जास्त पावसाच्या वर्षांचे आकडे धरून, आणि आज ती नदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतच नाही. त्यात आता तापमान वाढतंय म्हणजे वाफ जास्त, बर्फ लवकर वितळणार. दोन्ही मार एकाच नदीला बसतात, ते वेगवेगळे मोजून कसं चालेल?

उपशातला साधारण 70 टक्के वाटा शेतीचा. आणि तोच भाग मॉडेलमध्ये सगळ्यात कच्चा आहे. कारण मीटरचे आकडेच नाहीत, म्हणून पिकाला किती पाणी लागेल ते काढायचं आणि तेवढं दिलं असं धरायचं. प्रत्यक्षात माणूस पिकाची गरज बघून पंप चालवत नाही, वीज कधी येते, डिझेल परवडतं का, विहिरीला पाणी आहे का, हे बघून चालवतो. शिवाय उपसलेलं सगळं संपत नाही, काही परत झिरपतं, आणि ठिबक केलं की ते झिरपणंही कमी होतं, मग वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र भिजवलं जातं आणि खालच्या माणसाच्या वाट्याला आधीपेक्षा कमीच येतं. हे वागणं समीकरणात बसवणं फार अवघड आहे, मान्य, पण अवघड आहे म्हणून गाळून टाकायचं का?

2002 मध्ये ग्रेस नावाची सॅटेलाइटची जोडी वर गेली. एकामागे एक साधारण 220 किलोमीटर अंतर ठेवून फिरायची, खाली पाण्याचं वजन बदललं की गुरुत्वाकर्षण बदलायचं आणि दोघींमधलं अंतर अगदी किंचित हलायचं, त्यावरून खालचं पाणी वाढलं की घटलं ते कळायचं. वायव्य भारतातलं भूजल किती वेगाने खाली चाललंय हे 2009 मध्ये जगासमोर आलं ते याच मोजणीतून. मग 2018 मध्ये 7 जागतिक मॉडेल्स आणि ग्रेस यांची 186 खोऱ्यांवर तुलना झाली तेव्हा दिसलं की साठा जिथे जोरात घटतोय किंवा वाढतोय तिथे मॉडेल्स तो बदल खूपच कमी दाखवतायत. म्हणजे आपल्या हातातले नकाशे घाबरवणारे आहेत असं जे म्हणतात त्यांनी हे जरूर बघावं, काही खोऱ्यांत ते उलट जास्तच सौम्य आहेत.

पण ग्रेसलाही शेकडो किलोमीटरचा पट्टाच दिसायचा, कुणी कुठून उपसलं ते दिसायचं नाही. ते फक्त जमिनीवरच कळतं, आणि तिथे देश आकडे दाबून बसलेत. जर्मनीत कोब्लेंझला जगभरच्या नद्यांच्या प्रवाहाच्या नोंदी गोळा करणारं केंद्र आहे, 1988 पासून, पण तिथेही कितीतरी नद्यांच्या ताज्या नोंदी येतच नाहीत, त्यात सीमा ओलांडणाऱ्या नद्यांचे आकडे तर बरेच देश गुपितासारखे जपतात. माझ्या मते नवं, आणखी बारीक चौकोनांचं मॉडेल आणण्याआधी हे आकडे उघडे व्हायला हवेत, उपशाचे तर सगळ्यात आधी. तोवर पाण्याचा कुठलाही भविष्यातला नकाशा छापताना त्याच्या खालीच, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहा की यात माणसाचा वापर कुठल्या सालचा धरलाय.