महाप्रलयानंतर रेल्वे काढू इच्छिणाऱ्यांस

जगबुडी यायची तेव्हा येईल, बेत मात्र आधीच आखून ठेवलेला बरा. बोंग जून-हो या कोरियन दिग्दर्शकाने 2013 साली ‘स्नोपिअर्सर’मध्ये तो आखूनच दिलाय. सगळं जग गोठलंय, उरलीसुरली माणसं एका न थांबणाऱ्या गाडीत. श्रीमंत पुढे, गरीब शेपटाला. मूळ फ्रेंच चित्रकथा, 1982 पासून छापून आलेली. तिच्यातल्या गाडीला तर 1001 डबे. तुम्हालाही अशी गाडी काढायची असेल तर पुढचं नीट वाचा. (सिनेमा पाहिला नसेल तर शेवट फुटेल. 2013 पासून वेळ होता तुमच्याकडे.)

आधी जग गोठवून घ्या. सिनेमात 1 जुलै 2014 ला तापमानवाढीवर उतारा म्हणून हवेत सीडब्ल्यू-7 नावाचं रसायन फवारतात आणि पृथ्वीचा बर्फाचा गोळा होतो. 1991 मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याच्या गंधकाने जगाचं तापमान जेमतेम अर्ध्या अंशाने उतरलं आणि दोन-तीन वर्षांत परत जागेवर आलं. ज्वालामुखीच तो, त्याच्याकडून अपेक्षा काय ठेवणार! तुमचं रसायन सिनेमातल्यासारखं 17 वर्षं टिकलं पाहिजे. कसं टिकतं, असं विचारणाऱ्याला तिकीटच देऊ नका.

मग रूळ. लांबी 4,38,000 किलोमीटर, म्हणजे विषुववृत्ताला जवळजवळ अकरा वेढे. वर्षाला एक फेरी. भागाकार केलात तर वेग येतो ताशी 50 किलोमीटर, अगदी नेमका. आपली डेक्कन क्वीन घाट उतरूनही याच्यापेक्षा लवकर पोचते. पण तिला रविवारी मेगाब्लॉक आडवा येतो. तुमच्या गाडीला 17 वर्षांत एकही मेगाब्लॉक घेऊ नका. रूळ तपासायला गँगमन नको, पुलाखाली इंजिनिअर नको. वाटेत बर्फाचा ढीग आला तर इंजिन आपटायचं, झाली देखभाल.

कुणी विचारेल, इंजिन जर कायम चालणारं आहे, तर गाडी एका जागी उभी करून हीटर का लावत नाही? अशा माणसाला सरळ शेपटाच्या डब्यात पाठवा.

आता खरी मेख. शेपटाकडच्या लोकांकडून काहीही काम करून घेऊ नका. मी थट्टा करत नाही. सिनेमात ते उपाशी आहेत, मार खातात, झुरळांच्या वड्या खातात, कुणी हात उगारला तर त्याचा हात सात मिनिटं बाहेरच्या थंडीत धरून गोठवतात आणि मग फोडतात. पण काम? दिवसभर बसून. त्यांच्यातून पुढच्या डब्यांना आपल्या डोळ्यांसमोर लागतं काय, तर एक व्हायोलिन वाजवणारा म्हातारा आणि दोन लहानगी पोरं. पुढे सुशीवाला आहे, माळी आहेत, शिंपी आहे, शाळेच्या बाई आहेत. नाइटक्लबमध्ये रात्रभर सांडलेलं सकाळी पुसतं कोण, हे मात्र विचारू नका. चादरी कोण धुतं, संडास कोण साफ करतं, तेही नको. जुलूम करणाऱ्यांची इतकी मोठी फौज आणि जुलमाचा हप्ता वसूल करायला एक माणूस नाही! आमच्या सोसायटीतल्या कुणीही या मालकाला पाच मिनिटांत शहाणं केलं असतं.

डबे लावताना मध्ये बोळ ठेवू नका. भाजीच्या मळ्यातून कोथिंबीर आणायची तर मत्स्यालय, टांगलेलं मांस, पोरांची शाळा, सगळं ओलांडून जायचं. मांस टांगलेलं आहे, गोठा कुठे दिसत नाही. गाडी वळणावर आली की एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गोळ्या झाडायला हरकत नाही. काचेला भोकं पडली तरी आत कुणाला साधी शिंक येत नाही. हात गोठवणारी थंडी फक्त शिक्षेच्या वेळी कामावर येते.

एक कबूल करतो. सिनेमा बघताना यातलं काही आठवत नाही. बोंगसाहेब श्वासच घेऊ देत नाहीत. मला हे सगळं सुचलं दुसऱ्या दिवशी, मावशी सुट्टीवर होत्या आणि मी कढई खरवडत होतो तेव्हा.

राहता राहिलं इंजिन. ते शाश्वत आहे, फक्त त्याचे पार्ट झिजतात. पार्ट मिळेनासे झाले की शेपटातून पाच वर्षांखालचं मूल आणायचं आणि यंत्राच्या पोटात बसवायचं. जगातल्या शेवटच्या गाडीत दाताचा डॉक्टर घ्यायचा, केस सेट करणारी घ्यायची, फिटर मात्र विसरायचा. मूल मोठं झालं की मापात बसत नाही, म्हणून दर थोड्या वर्षांनी नवं. लेथ मशीनला डबा दिला असता तर नाइटक्लब गेला असता, हेही खरंच.

शेवटी बंडखोरांचा म्होरक्या कर्टिस मारत-मरत इंजिनापर्यंत येऊन पोचेल. घाबरू नका. गाडीचा मालक विल्फर्ड घरच्या झग्यात स्वतः स्टेक भाजत असतो, तसे तुम्हीही भाजा. कर्टिसला बसायला सांगा, समतोल, लोकसंख्या, व्यवस्था यांवर सावकाश बोला. भाषण जरा लांबलं तरी चालेल. ती ताटली नंतर कोण विसळणार, हा प्रश्न येण्याआधीच गाडी रुळावरून घसरते.